मिक्सरचा कन्व्हर्जन गेन जुळत नाही? आधी किती डीबीने जुळत नाही ते बघा

मिक्सर म्हणजे सिग्नलची फ्रिक्वेन्सी बदलणारं सर्किट, आणि त्या बदलात सिग्नल किती पट होतो तो त्याचा कन्व्हर्जन गेन, डीबीत (डेसिबलमध्ये) मोजलेला. प्रोजेक्ट जमा करायची तारीख जवळ आली की विद्यार्थ्यांकडून हा प्रश्न येतोच. "सर, कागदावर दहा डीबी येतोय आणि सिम्युलेशनमध्ये मायनस २.७. ट्रान्झिस्टरची रुंदी वाढवून पाहिली, बायस बदलून पाहिला, काहीच हलत नाही." यावर माझं उत्तर ठरलेलं असतं: ट्रान्झिस्टरला आत्ता हात लावू नकोस. तू त्याची रुंदी वाढवत बसशील, आणि चूक भलतीकडेच असेल.

या प्रश्नात दहापैकी सात-आठ वेळा सर्किट निर्दोष असतं, माप चुकलेलं असतं. मापाच्या चुकांची एक खोड मात्र आपल्या कामाची आहे. त्या ठरलेल्या आकाराच्या असतात. ६.०, ३.०, ३.९, १३.०. सर्किटमधला खरा तोटा असा नेटका आकडा धरून येत नाही, तो १.४ किंवा ७.३ असा वेडावाकडा येतो. म्हणून 'गेन कमी येतोय' एवढ्यावर थांबू नका. किती डीबीने कमी येतोय ते दशांशासकट लिहा. निम्मं निदान तिथेच होतं.

कागदावरचा आकडा

फरक काढायचा तर एक पक्का आकडा हवा. उदाहरणाला गिल्बर्ट सेल हा मिक्सरच घेऊ: खाली आत येणारा सिग्नल (आरएफ) घेणारी ट्रान्झिस्टरची जोडी, वर स्विचसारखे चार ट्रान्झिस्टर. बॅरी गिल्बर्ट यांचा चार चतुर्थांशांत चालणाऱ्या गुणक सर्किटवरचा प्रसिद्ध लेख १९६८ चा, आणि कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये अजूनही तीच रचना पहिली निवड असते.

टेल करंट (जोडीचा मिळून एकूण करंट) २ मिलिअँपिअर, म्हणजे खालच्या आरएफ जोडीत प्रत्येकी १ मिलिअँपिअर. ओव्हरड्राइव्ह (थ्रेशोल्डच्या वरचा गेट व्होल्टेज) ०.२ व्होल्ट धरला तर जीएम (गेट व्होल्टेजमागे करंट किती बदलतो ते) होतो १० मिलिसीमेन्स. लोड दोन्ही बाजूंना ५०० ओहम. एलओ (स्विचना ताल देणारा लोकल ऑसिलेटर) २.४० गिगाहर्ट्झ, आरएफ २.४१, म्हणून आयएफ (दोन्हींतल्या फरकाचा, बाहेर येणारा सिग्नल) १० मेगाहर्ट्झ.

वरचे चार ट्रान्झिस्टर आदर्श स्विच मानले तर ते आरएफच्या करंटला एलओच्या तालावर आलटून पालटून अधिक एक आणि उणे एकने गुणतात. अशा चौकोनी लहरीचा मूळ घटक ४/पाय. गुणाकारात त्यातला अर्धा बेरजेच्या फ्रिक्वेन्सीला जातो, अर्धा वजाबाकीच्या. हाती उरतो २/पाय. म्हणून

कन्व्हर्जन गेन = (२/पाय) × जीएम × लोड = ०.६३७ × ०.०१ × ५०० = ३.१८, म्हणजे १०.१ डीबी.

हा डिफरन्शियल (दोन टोकांमधला फरक) आत, डिफरन्शियल बाहेर असा व्होल्टेज गेन आहे. यातला प्रत्येक शब्द वहीत लिहून ठेवा, पुढची सगळी भांडणं त्यांच्यावरूनच होतात.

आधी वजनकाटा तपासा

भाजीवाला तराजू उचलताना पारडी रिकामी असताना काटा मध्यावर आहे ना ते बघतो. आपण मात्र सरळ अडीचशे ओळींची नेटलिस्ट (सर्किटचं सिम्युलेटरसाठी लिहिलेलं वर्णन) चालवतो आणि आलेल्या आकड्यावर विश्वास ठेवतो. दहा मिनिटं काढा आणि मिक्सरच्या जागी आदर्श गुणक बसवा. एनजीस्पाइस किंवा एलटीस्पाइस या सिम्युलेटरमधला बी सोर्स (सूत्र लिहून देता येणारा सोर्स) पुरतो: आउटपुट म्हणजे आरएफचा व्होल्टेज गुणिले एलओचा व्होल्टेज. एलओ १ व्होल्ट पीकची साइन द्या. उत्तर बरोब्बर मायनस ६.०२ डीबी यायला हवं. मग गुणकाच्या जागी चार आदर्श स्विच लावा, आता मायनस ३.९२.

हे दोन आकडे येत नसतील तर सर्किटवर बोलण्यात अर्थ नाही, कारण काटाच सरकलेला आहे. मी स्वतः एकदा दोन दिवस एका मिक्सरचा बायस चाळत बसलो होतो. शेवटी कळलं की आउटपुट मी एकाच टोकावरून वाचत होतो. तेव्हापासून आदर्श गुणकाची नेटलिस्ट कायमची जपून ठेवली आहे.

फरक ६ डीबीचा

सगळ्यात जास्त भेटणारा पाहुणा हाच. तो तीन दारांनी आत येतो.

पहिलं दार वरचंच: हिशेब डिफरन्शियल आउटपुटचा आणि मोजमाप एका टोकापासून ग्राउंडपर्यंतचं. सिग्नल निम्मा, म्हणून ६ डीबी कमी.

दुसरं दार इनपुटचं. ५० ओहमच्या सोर्ससमोर जुळवलेला भार असेल तर गेटवर सोर्सच्या आतल्या व्होल्टेजचा अर्धाच पोचतो, आणि समोर नुसतं गेट असेल तर जवळपास पूर्ण. त्यातून काही सिम्युलेटरमधल्या पोर्टला दिलेलं मूल्य 'जुळलेल्या भारावर एवढं दिसेल' या अर्थाचं असतं, तिथे उघड्या गेटवर दुप्पट दिसतं. कुठल्या साधनात काय प्रथा आहे ते पाठ करायची गरज नाही. सोर्समध्ये टाइप केलेला आकडा भागाकारात वापरायचाच नाही, दोन्ही गेटमधला फरक प्रत्यक्ष मोजायचा आणि त्याने भागायचं.

तिसरं दार एफएफटीचं, म्हणजे वेव्हफॉर्ममधल्या फ्रिक्वेन्सी वेगळ्या करणाऱ्या गणिताचं. हॅनिंग विंडो लावली की मधला सिग्नल शाबूत राहतो, कडा दाबल्या जातात आणि सरासरी निम्मी होते. बहुतेक तयार साधनं ही भरपाई आपोआप करतात. आपण स्वतः पायथन किंवा ऑक्टेव्हमध्ये चार ओळी लिहितो तेव्हा विसरतो.

फरक ३ डीबीचा

इनपुट पीकमध्ये, आउटपुट आरएमएसमध्ये. दुसरं काही नाही. एलटीस्पाइसच्या एफएफटीत १ व्होल्ट पीकची साइन शून्य डीबीवर दिसत नाही, मायनस ३.०१ वर दिसते, कारण तिथे मोजमाप आरएमएसचं आहे. उपाय सोपा: आरएफची उंचीही त्याच एफएफटीतून वाचा आणि दोन्हींची वजाबाकी करा. सोर्समधले १० मिलिव्होल्ट एकीकडे आणि आलेखावरचे डीबी दुसरीकडे, असा संसार मांडू नका.

फरक ३.९ डीबीचा, किंवा त्याहून थोडा कमी

हा जरा गुंतागुंतीचा आहे आणि मला फार आवडतो.

३.९ दिसलं की पहिली शंका येते की २/पाय हिशेबात धरायचं राहिलं, किंवा दोनदा धरलं गेलं. ते तपासाच. पण ट्रान्झियंट (वेळेच्या पावलांनी चालणारं सिम्युलेशन) आणि एफएफटीच्या वाटेने जात असाल तर आणखी एक चोर अगदी त्याच मापाचा आहे. एफएफटीचे खण ठरावीक अंतरावर असतात. आयएफ नेमका दोन खणांच्या मधोमध पडला आणि विंडो लावलेली नसली तर वाचलेली उंची खऱ्या उंचीच्या २/पाय पट दिसते. तेच २/पाय, तेच ३.९२ डीबी! योगायोग म्हणा, पण त्यामुळे भल्याभल्यांची फसगत होते. आयएफ मधोमध नसून थोडा बाजूला असेल तर फरक शून्य ते ३.९ यांच्यामध्ये कुठेही येतो, म्हणजे सर्किटच्या खऱ्या तोट्यासारखाच वेडावाकडा. मापाच्या चुका नेटक्या आकाराच्या असतात या माझ्या नियमाला हा एक अपवाद.

यावर विंडो हा अर्धा उपाय. हॅनिंगने हा तोटा जास्तीत जास्त १.४ डीबीवर येतो, फ्लॅट-टॉपने जवळजवळ संपतो. पूर्ण उपाय म्हणजे फ्रिक्वेन्सी अशा निवडायच्या की प्रश्नच उद्भवू नये. वरच्या उदाहरणात २.४० गिगा, २.४१ गिगा आणि १० मेगा या तिन्हींना १० मेगाने पूर्ण भाग जातो. म्हणून १०० नॅनोसेकंदांत एलओची बरोबर २४० आवर्तनं बसतात, आरएफची २४१ आणि आयएफचं एक. १ मायक्रोसेकंदाचा तुकडा घेतला की खण १ मेगाहर्ट्झचे होतात आणि आयएफ बरोबर दहाव्या खणात जाऊन बसतो. विंडोची गरजच पडत नाही. 'खरा चॅनल २.४१२४ गिगाचा आहे, तोच घेतला' असं विद्यार्थी सांगतात. गेन मोजायला खरा चॅनल लागत नाही, सोयीचा लागतो.

ट्रान्झियंटमध्येच आणखी तीन गोष्टी बघून घ्या.

सर्किट स्थिरावलंय का? बायससाठी १०० किलोओहम आणि कपलिंगला १० पिकोफॅरड घातलेत तर टाइम कॉन्स्टंट १ मायक्रोसेकंद होतो. आउटपुट पाच मायक्रोसेकंद हळूहळू सरकत राहील आणि त्या सरकण्याचा पसारा एफएफटीत डीसीपासून निघून थेट आयएफच्या पायाशी येईल. बायसचा रेझिस्टर १० किलोओहम करा, सिग्नलचं फारसं बिघडत नाही आणि वाट बघणं दहापट कमी होतं.

पावलं किती लहान आहेत? सिम्युलेटरची पावलं असमान असतात, एफएफटीला समान अंतराचे बिंदू लागतात, म्हणून मधले बिंदू अंदाजाने भरले जातात. जास्तीत जास्त पाऊल ५ पिकोसेकंद ठेवलं तर एलओच्या एका आवर्तनात ८३ बिंदू येतात, ते पुरतात. एलटीस्पाइसमध्ये वेव्हफॉर्मचं कॉम्प्रेशनही बंद करा, प्लॉटविनसाइझ शून्य ठेवून. नाहीतर फाइल लहान करायच्या नादात तो बिंदू गाळतो आणि आलेखाच्या तळाशी खोटा नॉइज उगवतो.

आरएफ किती मोठा आहे? 'लहान सिग्नल हवा' म्हणून कुणी मायनस १०० डीबीएम (१ मिलिवॉटच्या तुलनेतले डीबी) देतं. ५० ओहमवर ते होतात सुमारे ३ मायक्रोव्होल्ट पीक. शेजारी एलओ ०.४ व्होल्टचा आणि रेलटोल (सिम्युलेटर चालवून घेतो ती सापेक्ष चूक) मुळातला एक हजारांश. म्हणजे धान्याच्या ट्रकबरोबर वजनकाट्यावर चढवून चिमूटभर जिऱ्याचं वजन करण्याचा प्रकार. मायनस ३० डीबीएम द्या, तो ५० ओहमवर १० मिलिव्होल्ट पीक होतो, आणि रेलटोल एक लाखांशापर्यंत खाली आणा. मग आरएफ १० डीबीने कमी करून पुन्हा चालवा. आयएफही १० डीबीनेच उतरला तर गेन खरा. नऊनेच उतरला तर सिग्नल मोठा होता आणि तुम्ही कॉम्प्रेशनमध्ये होतात. बारा-तेराने उतरला किंवा जागचा हललाच नाही, तर तुम्ही आयएफ मोजतच नव्हतात.

फरक १३ डीबीचा

हा हार्मोनिक बॅलन्स (वेळेऐवजी थेट फ्रिक्वेन्सींमध्ये उत्तर काढणारी पद्धत) वापरणाऱ्यांचा आजार. एडीएस या सिम्युलेटरमधलं डीबीएमचं फंक्शन, वेगळं काही सांगितलं नाही तर, ५० ओहम गृहीत धरतं. आपला डिफरन्शियल लोड १००० ओहमचा. तोच व्होल्टेज ५० ओहमवर आहे असं समजून काढलेली पॉवर वीसपट जास्त येते, म्हणजे १३.० डीबी. फंक्शनला दुसरा आकडा म्हणून खरा इम्पीडन्स द्या.

इथेच दुसरी गल्लत होते, ती व्होल्टेज गेन आणि पॉवर गेनची. आरएफच्या बाजूला ५० ओहम आणि आयएफच्या बाजूला १००० असतील, तर १०.१ डीबी व्होल्टेज गेन असलेल्या या मिक्सरचा पॉवरच्या भाषेतला गेन १०.१ वजा १३.०, म्हणजे मायनस २.९ निघतो. एकाच सर्किटला एक जण दहा डीबीचा गेन म्हणतो, दुसरा तीन डीबीचा लॉस, आणि दोघंही खरं बोलत असतात. चिपच्या आतल्या मिक्सरसाठी व्होल्टेज गेन, कनेक्टर लावलेल्या मिक्सरसाठी पॉवर गेन, असा साधारण रिवाज आहे.

हार्मोनिक बॅलन्समध्ये सर्वांत दांडगा टोन, म्हणजे एलओ, पहिल्या क्रमांकावर ठेवा आणि त्याची ऑर्डर (किती हार्मोनिक धरायचे ते) वाढवून गेन हलतो का बघा. पाचवरून पंधरावर नेल्यावर अर्धा डीबी हलला तर पाचवरचं उत्तर कच्चं होतं.

आकडा मायनस २८० डीबी आला तर

घाबरू नका, हसा. तुम्ही मिक्सरवर एसी अ‍ॅनालिसिस चालवलं आहे. ते सर्किटला डीसी बिंदूवर गोठवतं आणि सरळ रेषेत मानतं. आत जी फ्रिक्वेन्सी, बाहेरही तीच. पुणे आकाशवाणी ७९२ किलोहर्ट्झवर लावली की रेडिओच्या आतला एलओ १२४७ वर धावतो आणि आवाज ४५५ च्या आयएफवर उतरतो. एसी अ‍ॅनालिसिसच्या जगात हे उतरणं अस्तित्वातच नाही. त्यात एलओ शून्यावर असताना चारही स्विच अर्धवट चालू असतात, करंट दोन्हीकडे सारखा वाटला जातो आणि डिफरन्शियल आउटपुट एकमेकांना खाऊन टाकतो. उरतो तो आकडेमोडीचा कचरा.

पण हीच चूक हत्यार म्हणून वापरता येते. एलओच्या दोन टोकांमध्ये डीसी फरक द्या, म्हणजे स्विच एका बाजूला पूर्ण झुकतील, आणि मग एसी चालवा. आता मिक्सर निव्वळ अ‍ॅम्प्लिफायर आहे आणि त्याचा गेन जीएम गुणिले लोड, म्हणजे ५, म्हणजे १४.० डीबी यायला हवा. त्यातून ३.९ वजा केले की १०.१. हा १४ जुळला तर जीएम, लोड आणि हेडरूम निर्दोष, आणि जो काही दोष आहे तो स्विचिंगमध्ये. नाही जुळला तर स्विचकडे बघूच नका, खालच्या जोडीकडे जा. दुसरा फायदा असा की समतोल डीसी बिंदूत प्रत्येक स्विचमधून अर्धाच करंट वाहतो आणि सगळे सॅच्युरेशनमध्ये छान दिसतात. झुकवल्यावर एकेकाला पूर्ण १ मिलिअँपिअर वाहावा लागतो. कुणाचा पाय ट्रायोडमध्ये (सॅच्युरेशनच्या बाहेर, जिथे गेन पडतो) घसरतोय ते तेव्हा दिसतं.

पीएसएस आणि पीएसी वापरताय?

कॅडेन्सचं स्पेक्टर हे सिम्युलेटर हाताशी असेल तर ट्रान्झियंटचा खटाटोप सोडा. पीएसएस (सर्किटची आवर्तनी स्थिर स्थिती शोधणारी पद्धत) फक्त एलओवर चालवायचं आणि आरएफ पीएसीमध्ये (त्या स्थितीभोवती चालणाऱ्या एसीमध्ये) लहान सिग्नल म्हणून द्यायचा. अडखळायच्या जागा नेहमीच्याच. पीएसएसच्या वेळी आरएफचा पोर्ट साइनवरच राहिला तर सिम्युलेटरला दोघांचा समान भाजक १० मेगा धरावा लागतो, एका आवर्तनात एलओची २४० आवर्तनं कोंबली जातात आणि रात्र सरते. पोर्ट डीसी प्रकारचा करा आणि पीएसीचं मॅग्निट्यूड १ द्यायला विसरू नका. रिकामं ठेवलं तर उत्तर शून्य येतं आणि लोक सर्किटवर संशय घेतात.

उत्तर वाचताना साइडबँड मायनस एक निवडा, तोच २.४१ मधून २.४० वजा करतो. शून्य निवडलात तर फक्त आरएफची गळती दिसेल.

एलओ दोनने भागणाऱ्या डिव्हायडरमधून येत असेल, म्हणजे बाहेरून ४.८ आणि आत २.४, तर पीएसएसची मूळ फ्रिक्वेन्सी २.४ द्या. ४.८ दिलीत तर ते कधीच जुळणार नाही, कारण ४.८ च्या एका आवर्तनानंतर डिव्हायडर मूळ स्थितीत परतलेलाच नसतो. 'कन्व्हर्ज होत नाही, टॉलरन्स सैल करू का?' असं विचारण्याआधी हे बघा.

त्या मायनस २.७ चं काय झालं

सुरुवातीच्या त्या विद्यार्थ्याची नेटलिस्ट उघडली. आउटपुट एका टोकावरून वाचलेलं: ६.० परत मिळाले. इनपुट पीकमध्ये, आलेख आरएमएसमध्ये: ३.० परत. आरएफ खऱ्या चॅनलचा, २.४१२४ गिगा, आणि तुकडा १ मायक्रोसेकंदाचा, त्यामुळे आयएफ १२.४ मेगावर, बाराव्या खणापासून ०.४ खण दूर, विंडो नाही: तिथे २.४ अडकले होते. बेरीज केली आणि मायनस २.७ चे झाले अधिक ८.७. एकाही ट्रान्झिस्टरला हात न लावता.

"आणि उरलेले १.४?" त्याने विचारलं. तो इतका रुळला होता की आता तेही कुठल्या तरी फंक्शनमध्ये सापडतील अशी त्याची खात्री होती. एलओ झुकवून, लोडच्या कपॅसिटन्सचा संबंध येऊ नये म्हणून कमी फ्रिक्वेन्सीवर एसी चालवलं: १४.० ऐवजी १३.७. म्हणजे ०.३ ट्रान्झिस्टरच्या आउटपुट रेझिस्टन्सने खाल्ले, तो लोडला समांतर असतो. मग सगळ्या फ्रिक्वेन्सी शंभराने भागल्या, एलओ २४ मेगा, आरएफ २४.१: गेन अर्ध्या डीबीने वर आला. हे अर्धे स्विचच्या जोडणीच्या नोडवरच्या पॅरासिटिक कपॅसिटन्सचे, आरएफचा थोडा करंट तिथूनच पळत होता. शेवटी साइनऐवजी खड्या कडांचा पल्स एलओ दिला आणि राहिलेले ०.६ भरून आले. साइन शून्याजवळून जाताना चारही स्विच क्षणभर एकत्र चालू राहतात, तेवढा वेळ वाया जातो.

हा १.४ खरा होता. त्यावर करण्यासारखं एकच होतं, एलओची उंची वाढवून बघणं. ०.४ व्होल्टवरून ०.६ वर नेल्यावर ०.३ डीबी मिळाला. ०.९ वर नेल्यावर गेन उलट घसरला, कारण वरचे स्विच ट्रायोडमध्ये जाऊ लागले. त्याने ०.६ कायम केला, रिपोर्टात ९.० डीबी लिहिलं आणि शेजारी 'डिफरन्शियल, व्होल्टेज' असे दोन शब्द टाकले.